घरातली साक्ष

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयातर्फे दरवर्षी एक हस्तलिखित निघते. शाळा-कॉलेजातली मुले त्यात लिहितात, चित्रे काढतात. तयार झालेली वही वाचनालयाच्या टेबलावर ठेवली जाते आणि वर्षभर येणारे-जाणारे ती चाळतात. तिचे संपादन आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी पाहतो. कोणी मास्तर होते, कोणी पोस्टात, कोणी एस. टी.त.

काही वर्षांपूर्वी बारावीची परीक्षा देऊन बसलेली एक मुलगी आमच्याकडे मजकूर घेऊन आली. तिला पत्रकार व्हायचे होते. मोहल्ल्यात तोवर डी.एड., नर्सिंग आणि फार तर फार्मसी, एवढीच मुलींच्या करिअरची यादी होती. मास मीडियाच्या पदवीला प्रवेश घ्यायचा तर हातात स्वतःचे काहीतरी लिहिलेले असावे, असे तिला वाटत होते. आम्हाला आनंदच झाला. आम्ही मजकूर वाचायला घेतला आणि आनंद ओसरला.

लेख आमच्याच मोहल्ल्यातल्या शाळेबद्दल होता. मुलींच्या दोन स्वच्छतागृहांपैकी एकात मोडकी बाके भरलेली, दुसऱ्याला कुलूप, आणि किल्ली ऑफिसात. ती अकरा मुलींशी बोलली होती. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत पाणीच पीत नव्हत्या. दोघींनी आठवीनंतर शाळा सोडली होती. कारण विचारल्यावर त्यांच्या आयांनी मान खाली घातली होती. दरवर्षी सरकारला यू-डायसची माहिती भरून द्यावी लागते. त्यात ही दोन्ही स्वच्छतागृहे ‘वापरात’ दाखवलेली होती. मुख्याध्यापकांना तिने विचारले होते आणि त्यांचे उत्तरही जसेच्या तसे दिले होते: शिपायाची जागा रिकामी आहे, सफाई कोण करणार? शेवटी तिने लिहिले होते की, शाळा चालवणाऱ्या संस्थेत माझे सख्खे मामू पदाधिकारी आहेत, हे वाचकांना माहीत असावे.

आम्ही तो लेख एकमेकांकडे दिला. एकजण म्हणाला, “बेटा, लिहिलंय छान. पण हे घरातलं आहे.” दुसरा म्हणाला, “आधीच लोक आपल्या शाळांकडे वाकड्या नजरेनं बघतात. त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं?” तिसऱ्याने परदापोशीचे महत्त्व सांगितले. शेवटी आम्ही तिला सुचवले की, ईदच्या आठवणींवर काही लिही.

तिने एवढेच विचारले, “सर, यातलं खोटं काय आहे?”

कोणी उत्तर दिले नाही. तिने कागद गोळा केले, सलाम केला आणि ती गेली. त्या वर्षीच्या हस्तलिखितात शीरखुर्म्यावर एक सुंदर लेख होता. तो दुसऱ्या मुलीचा.

तिचा प्रश्न मात्र वाचनालयातून गेला नाही. आपल्याच माणसांविरुद्ध खरे बोलावे का? बोलावे तर कुठे, कसे, आणि ऐकणारा आपला हितचिंतक नसेल तर काय? पत्रकारितेत पहिले पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुस्लिम मुला-मुलीला हा प्रश्न पडतो. आणि त्यांना गप्प बसवणारे आपण वडीलधारे धर्माचा आधार घेऊन गप्प बसवतो. म्हणून आधी धर्मापासूनच सुरुवात करू.

साक्षीसाठी आपल्याकडे ‘शहादत’ हा शब्द आहे. कलिम्याच्या शब्दांतच आपण ‘मी साक्ष देतो’ असे म्हणतो. म्हणजे मुसलमान असण्याची सुरुवातच साक्षीने होते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायासाठी उभे राहून साक्ष देण्याचा आदेश आहे. ही साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या, नात्यागोत्याच्या विरुद्ध जात असली तरीही ती द्यायची आहे. समोरचा श्रीमंत आहे की गरीब, हे पाहायचे नाही. सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे मन पापी ठरवले आहे. ही वचने आपल्या जलशांमध्ये वारंवार ऐकू येतात. ती ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी दुसऱ्याचे आई-वडील असतात, एवढेच.

मग परदापोशीचे काय? दुसऱ्याचे दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकील, अशा अर्थाची हदीस आहेच. गीबत म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, असे सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे. आमचे मित्र बोलले ते काही खोटे नव्हते. प्रश्न आहे तो कोणता दोष झाकायचा, याचा. एखाद्याच्या हातून खासगी आयुष्यात चूक घडली, तिने दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही, तो स्वतः ती मिरवत नाही, तर ती चव्हाट्यावर आणू नये. हे झाकणे मोठेपणाचे आहे. पण ज्या दोषाचा भार रोज तिसराच कोणी सोसत असतो, तो झाकणे म्हणजे सोसणाऱ्याला झाकणे. कुलूप संस्थेने लावले, तहान मुलींनी सोसली. आम्ही परदा टाकला तो मुलींच्या तहानेवर.

तेराव्या शतकातले इमाम नववी यांचा ‘रियाजुस्सालिहीन’ हा संग्रह आपल्याकडच्या कितीतरी घरांत असतो. गीबत कोणत्या प्रसंगी वर्ज्य राहत नाही, असे सहा प्रसंग त्यांनी त्यात दिले आहेत. जुलूम झालेल्याने दाद मागणे हा पहिला. वाईट गोष्ट थांबवण्यासाठी मदत मागणे हा दुसरा. लोकांना नुकसानीपासून सावध करणे हा आणखी एक. आजच्या बातमीदाराच्या कामाची यादी करायला बसलो तर यापेक्षा वेगळी ती काय होईल?

सावध करण्याच्या याच कलमात हदीस सांगणाऱ्यांच्या परीक्षेचा उल्लेख येतो. ही परीक्षा म्हणजे आपल्या परंपरेतली मोठी बौद्धिक कमाई. एखादे वचन पैगंबरांचे (स.) आहे असे कोणी म्हटले की हदीसच्या विद्वानांचा पहिला प्रश्न असे: तुला कोणी सांगितले? त्याला कोणी सांगितले? ते दोघे कधी भेटले होते का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? तो व्यवहारात खोटे बोलत असे का? या साखळीला इस्नाद म्हणतात. साखळीतल्या माणसांची पारख करण्यासाठी अस्माउर्रिजाल नावाचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. हजारो माणसांच्या चरित्रांत ‘विश्वासू’, ‘कच्चा’, ‘खोटारडा’ असे शेरे स्वच्छ लिहिले गेले.

इमाम बुखारींचे एक गुरू होते, अली इब्नुल मदीनी. त्यांचे वडीलही हदीस सांगत. लोकांनी मुलालाच विचारले, तुमचे वडील या बाबतीत कसे? त्यांनी आधी टाळले, दुसऱ्या कोणाला तरी विचारा म्हणाले. लोकांनी पुन्हा विचारले, तेव्हा त्यांनी खाली मान घालून विचार केला आणि मग सांगितले की, हा दीनचा मामला आहे. माझे वडील कच्चे आहेत. विद्यार्थी पत्रकारांना हा प्रसंग आवर्जून सांगावा असे आम्हाला वाटते. मुलाने आधी टाळले, यात त्याचे प्रेम दिसते. नंतर तो बोलला, यात त्याचा धर्म दिसतो. आणि वडिलांविषयी तो जेवढे विचारले तेवढेच बोलला. त्यांच्या स्वभावाबद्दल, घरातल्या भांडणांबद्दल त्याने तोंड उघडले नाही. आपल्या माणसांविरुद्ध साक्ष कशी द्यावी, याचा हा नमुना आहे.

बातमीबाबत सूरह हुजुरातची सहावी आयत तर थेट बोलते. एखादा बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी पारखून घ्या, नाहीतर अजाणतेपणी लोकांना इजा कराल आणि नंतर पस्तावाल, असा तिचा आशय. हा पस्तावा केवढा असतो, ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. मंगळवेढ्याकडची भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. अफवा पुढे ढकलणाऱ्या कोणालाही, तुला कोणी सांगितले, हा प्रश्न पडला नाही. मदिनेत हजरत आयेशांवर किटाळ आले तेव्हाही असेच झाले होते. ज्याचे ज्ञान नाही ते लोक तोंडाने बोलत राहिले आणि ती क्षुल्लक गोष्ट समजले, हा ठपका सूरह नूरमध्ये आहे. तो बोट फिरवून संदेश पुढे पाठवणाऱ्या आपल्या सर्वांनाही लागू पडतो.

इथपर्यंत कोणी हरकत घेणार नाही. पण आमच्या दुसऱ्या मित्राच्या कोलिताला उत्तर द्यायला हवे, कारण त्याची भीती पोकळ नव्हती.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तान भागात स्फोट झाले. मरणारे बहुतांश मुसलमान होते. अटक झाली ती नऊ मुस्लिम तरुणांना. कितीतरी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘संशयित’ हा शब्द खर्च करण्याचीही तसदी घेतली नाही. ते पाच वर्षे तुरुंगात राहिले. २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. सुटकेची अनेक ठिकाणी आतल्या पानावर गेली. ‘आरोपी’, ‘संशयित’, ‘दोषी’ या तीन शब्दांतले अंतर बातमीदाराला दीड सेकंदाचे वाटते. त्या अंतरात माणसांची वर्षे गेली, बहिणींची लग्ने मोडली, आई-बाप कब्रस्तानात गेले.

त्याच २००६ साली दिल्लीतल्या अभ्यासकांनी राष्ट्रीय माध्यमांतल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची पाहणी केली होती. त्यांत मुसलमान सुमारे ३ टक्के निघाले. दलित आणि आदिवासी तर एकही सापडला नाही. म्हणजे आपल्यावर लिहिले जाते, आपण लिहीत नाही. अशा अवस्थेत एखादी मुलगी आपल्या शाळेच्या कुलपाबद्दल लिहिते, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदारालासुद्धा वाटते की, तिकडचे लोक लिहितातच, आता घरचेही लिहू लागले. हे वाटणे समजून घेतले पाहिजे. त्याला नुसता मागासलेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

पण यातून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. आपले माध्यमांत कोणी नाही, म्हणून आपल्यावर अन्याय होतो. आणि अन्याय होतो म्हणून आपल्या मुलांनी लिहू नये. हे वर्तुळ आपणच आखतो आणि आपणच त्यात अडकतो. शिवाय घरातली साक्ष दाबली की गोष्ट दबत नाही. ती सांगायला बाहेरचा वकील येतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यातली मागणी. दलवाई स्वतः लेखक होते, त्यांनी पत्रकारिताही केली होती. त्यांच्या सगळ्याच मतांशी सहमत होण्याचे कारण नाही. आमच्यातही त्यांच्यावरून वाद आहेत आणि चहा गार होईपर्यंत ते चालतात. पण त्या सात बायका खोटे बोलत होत्या, असे आज कोणी म्हणेल काय? आपण त्यांचे ऐकून घेतले नाही. एका दमातल्या तीन तलाकचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मधल्या पन्नास वर्षांत प्रश्न आपल्या हातून गेला होता आणि त्याचे राजकारण करणाऱ्यांच्या हाती पडला होता. कोलीत बाहेरच्यांना मिळते ते घरातले कोणी बोलले म्हणून नव्हे. घरातल्यांनी वेळेवर ऐकले नाही म्हणून मिळते.

आपल्या आधीच्या लोकांना हे कळत होते. मौलाना आझाद जन्मले १८८८ मध्ये. १९०३ च्या नोव्हेंबरात त्यांनी कलकत्त्याहून ‘लिसानुस्सिद्क’ हे मासिक काढले, तेव्हा ते १५ वर्षांचे होते. आमच्याकडे आलेल्या मुलीपेक्षाही लहान. नावाचा अर्थ सत्याची जिव्हा. त्याच्या उद्दिष्टांत पहिले होते समाजसुधारणा, म्हणजे मुसलमानांच्या स्वतःच्या रूढींची झाडाझडती. पुढे १९१२ मध्ये याच माणसाने ‘अल-हिलाल’ काढून इंग्रज सरकारला घाम फोडला. आधी घरातले कुलूप, मग सरकारचे कुलूप, असा तो प्रवास आहे. ज्याला पहिले दिसत नाही त्याच्या दुसऱ्याविरुद्धच्या आरडाओरड्याला वजन येत नाही.

त्याच १९०३ साली अलीगढहून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या हसरत मोहानींनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ सुरू केले. १९०८ मध्ये इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख त्यांनी छापला. खटला झाला. लेखकाचे नाव सांगा, असा तगादा लागला. मोहानींनी नाव सांगितले नाही. जबाबदारी संपादकाची म्हणून स्वतःवर घेतली आणि तुरुंगात जाऊन चक्की पिसली. संपादक कशासाठी असतो, याचे यापेक्षा सोपे उत्तर नाही. लिहिणाऱ्याच्या आणि संकटाच्या मध्ये उभे राहण्यासाठी तो असतो. आम्ही पाच जणांनी नेमके उलटे केले. संकट तर नव्हतेच. चार लोकांच्या नाराजीची कल्पना करून आम्ही एका मुलीला एकटे सोडले.

आता जी मुले या वाटेने निघाली आहेत त्यांच्याविषयी. त्यांनी कोणता कोर्स करावा, कोणत्या शहरात जावे, हे सांगणारे बरेच आहेत. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठांचे विभाग आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि दहा रुपयांच्या अर्जावर अनुदानित शाळेचेही कागद मागता येतात, हे त्यांना शिकवले जाईल. अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव छापणे गुन्हा आहे, हेही शिकवले जाईल. त्याच्या अलीकडचे दोन शब्द घरच्यांनी सांगायचे असतात.

एक म्हणजे, बातमीच्या ओळीत पहिले नाव आपले घालावे. आपण कोण, आपले या प्रकरणात काय गुंतले आहे, हे वाचकाला आधी कळू द्यावे. त्या मुलीने मामूंचा उल्लेख केला, तो आम्हाला तेव्हा उद्धटपणा वाटला होता. आज वाटते की, तोच त्या लेखाचा इस्नाद होता.

दुसरे म्हणजे, एकाच वजनाने तोलावे. आपल्या मोहल्ल्यातल्या कुलपाबद्दल लिहिणाऱ्याने पलीकडच्या वस्तीतल्या कुलपाबद्दलही लिहावे. फक्त आपल्यांचे दोष सांगणाऱ्याला बाहेर फार लवकर शाबासकी मिळते. व्यासपीठे मिळतात, ‘धाडसी’ हे विशेषण मिळते. त्या शाबासकीची चटक लागली की साक्ष विकाऊ होते. उलट फक्त दुसऱ्यांचे दोष सांगणाऱ्याला मोहल्ल्यात हार मिळतात, त्याचीही चटक वाईटच. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत सांगितले आहे की, एखाद्या समाजाच्या वैरामुळे न्याय सोडू नका. निसाची आयत प्रेमापासून सावध करते, माइदाची द्वेषापासून. पत्रकाराला दोन्ही खिशात ठेवूनच घराबाहेर पडावे लागते.

आणि पालकांना एक सांगणे. तुमची मुलगी पत्रकार होते म्हणाली तर तुम्ही रात्रीच्या ड्युटीची, परक्या शहराची, लग्नाची काळजी कराल. ती करावीच. पण तिला भीती वाटेल ती बहुधा शहराची नसेल. आपण खरे लिहिले तर घरी परतल्यावर दार उघडेल ना, याची असेल. तेवढी एक हमी तुमच्या हातात आहे.

ती मुलगी शिकली. आज एका दैनिकासाठी जिल्ह्याच्या गावाहून बातम्या पाठवते. यंदा हस्तलिखिताचे काम निघाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला फोन केला. झाले ते चुकले म्हणालो, आणि तो जुना लेख आता द्यावा अशी विनंती केली. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “देते सर. पण आधी शाळेत जाऊन येते. इतक्या वर्षांचा मजकूर न तपासता कसा द्यायचा?”

ती गेली, मुलींशी बोलली, नव्या मुख्याध्यापकांना भेटली. एक कुलूप निघाले आहे. दुसऱ्या खोलीत अजून बाकेच आहेत. तिने लेखातली दोन वाक्ये खोडली, चार नवी लिहिली, आणि मामू आता पदावर नाहीत, ही दुरुस्तीही केली. लेख यंदाच्या वहीत पहिल्या पानावर आहे. खाली संपादक म्हणून आम्हा पाच जणांची नावे आणि सह्या आहेत. परवा संस्थेचे एक गृहस्थ वाचनालयात येऊन तो उभ्याउभ्याच वाचून गेले. काही बोलले नाहीत. आता ते आले की आमच्याशी बोलतील, मुलीशी नव्हे, एवढी व्यवस्था या वेळी आम्ही केली आहे.